सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की…

उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेरचा देखावा आता सगळ्यांच्या परिचयाचा झाला आहे. ढोल, गुलाल, फेटे, जेसीबीतून उधळलेली फुले. हे सगळे शंभर मीटर अलीकडे थांबते आणि उमेदवार मोजक्या माणसांसह आत जातो. त्यातल्या एकाच्या काखेत फाइल असते. फाइलमध्ये अनामत रकमेची पावती, सूचकांच्या सह्या आणि नोटरीचे शिक्के मारलेले एक जाडजूड शपथपत्र असते. कायद्याच्या भाषेत त्याचे नाव नमुना २६. मिरवणूक संध्याकाळच्या बातम्यांत दिसते. शपथपत्र कचेरीतल्या फलकावर आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर चढते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत एवढीच बातमी येते की अमुक यांची संपत्ती पाच वर्षांत इतक्या कोटींनी वाढली.

हा कागद आपल्याला कोणत्याही पक्षाने आपखुशीने दिलेला नाही. उलट, तो मिळू नये म्हणून देशातले जवळजवळ सगळे पक्ष एकदा एका टेबलाभोवती बसले होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे लोक त्या दिवशी एका सुरात बोलले. तो प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे.

गोष्टीची सुरुवात आपल्या मुंबईपासून करायला हरकत नाही. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर केंद्र सरकारने एन. एन. वोहरा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्या, नोकरशाही आणि राजकारणी यांचे साटेलोटे कुठवर गेले आहे, हे तिने पाहायचे होते. समितीने काही महिन्यांत अहवाल दिला. तो संसदेपुढे यायला १९९५चा ऑगस्ट उजाडला, तोही परिशिष्टांशिवाय. साटेलोटे आहे हे सरकारी कागदावर आले, पण ते कोणाचे, हे आले नाही. मतदाराला नावे कळायची सोयच नव्हती. समोरच्या उमेदवारावर खुनाचा खटला चालू आहे की नाही, हे चहाच्या टपरीवर कळे, मतपत्रिकेच्या आसपास कुठेही नाही.

१९९९च्या डिसेंबरात अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांच्या एका गटाने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यात त्रिलोचन शास्त्री आणि जगदीप छोकर पुढे होते. हे लोक व्यवस्थापन शिकवणारे. राजकारणाशी त्यांचा संबंध मत देण्यापुरता. त्यांनी संस्था काढली, तिचे नाव असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, म्हणजे आजची एडीआर. मागणी साधी होती. उमेदवाराने स्वतःवरचे फौजदारी खटले, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावे. विधी आयोगाने आपल्या १७०व्या अहवालात त्याच वर्षी असेच काही सुचवले होते आणि सरकारने तो अहवाल कपाटात ठेवला होता. प्राध्यापकांनी कपाट उघडण्याची मागणी केली, इतकेच.

२ नोव्हेंबर २००० रोजी उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे २००२ रोजी तिथेही सरकार हरले. न्यायालयाचा तर्क पाहण्यासारखा आहे. माहितीचा अधिकार कायदा तेव्हा देशपातळीवर अस्तित्वात नव्हता. न्यायालयाने थेट घटनेच्या कलम १९(१)(अ)चा, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेतला. मत देणे ही अभिव्यक्ती आहे, आणि ज्याला मत द्यायचे त्याच्याविषयी काहीच माहीत नसेल तर ती अभिव्यक्ती पोकळ ठरते. निवडणूक आयोगाने २८ जूनला त्यानुसार आदेश काढला.

आता ते टेबल. जुलै २००२मध्ये केंद्र सरकारने सर्वपक्षीय बैठक बोलावली. सत्ताधारी, विरोधक, डावे, उजवे, प्रादेशिक, सगळे आले आणि आयोगाचा आदेश मानायचा नाही यावर त्यांचे एकमत झाले. त्यासाठी अध्यादेश तयार झाला. राष्ट्रपतीपदावर येऊन महिनाही न झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तो परत पाठवला. मंत्रिमंडळाने तो जसाच्या तसा पुन्हा पाठवला. घटनेनुसार दुसऱ्यांदा सही करणे भाग असते; २४ ऑगस्टला सही झाली. वर्ष संपता संपता त्या अध्यादेशाचा कायदाही झाला. त्यात कलम ३३ब होते. त्याचा अर्थ असा की कोणत्याही न्यायालयाने काहीही सांगितले असो, आयोगाने काहीही आदेश काढला असो, या कायद्यात लिहिले आहे त्यापलीकडे उमेदवाराने काही सांगायची गरज नाही. मालमत्ता निवडून आल्यावर सभागृहाच्या अध्यक्षांना सांगायची. मतदाराला सांगायची नाही.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, एडीआर आणि इतर काहींनी त्याला आव्हान दिले. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३३ब रद्द केले. याचिका ते निकाल हा प्रवास सव्वातीन वर्षांचा. आपल्याकडच्या खटल्यांचा वेग पाहता हा वेग अफाटच म्हणायचा.

याच काळात महाराष्ट्रात दुसऱ्या वाटेने तीच लढाई चालू होती. राज्याच्या माहिती अधिकार कायद्यावर राष्ट्रपतींची संमती अडली होती. अण्णा हजारे ९ ऑगस्ट २००३ रोजी, क्रांतिदिनी, आझाद मैदानात उपोषणाला बसले आणि दुसऱ्या दिवशी संमती आली. एकीकडे दिल्लीत वकिलांची टिपणे, दुसरीकडे मुंबईत मैदानातले उपोषण. दोन्हींची भाषा वेगळी, पण अडवणूक करणारे सारखेच. हे दोन ओघ एकत्र आल्याशिवाय आज कोणी कार्यकर्ता एका हाती शपथपत्र आणि दुसऱ्या हाती माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन उभा राहू शकला नसता.

तर तो कागद उघडून पाहू. नमुना २६ वाचणे हे कंटाळवाणे काम आहे असा समज आहे, तो खरा नाही. सुरुवातीला नाव, पॅन क्रमांक आणि गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांत दाखवलेले उत्पन्न, स्वतःचे, जोडीदाराचे, अवलंबितांचे. मग प्रलंबित गुन्हे: पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कलमे, न्यायालय, दोषारोप निश्चित झाले आहेत की नाहीत. मग जंगम मालमत्ता: हातातली रोकड, ठेवी, शेअर, विम्याच्या पॉलिस्या, दिलेली उसनवारी, गाड्या, आणि दागिने वजनासकट. मग स्थावर: गट नंबर, क्षेत्रफळ, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव. शेवटी कर्जे, सरकारी घराचे भाडे, वीज, पाणी, टेलिफोनची थकबाकी, सरकारी कंत्राटे, आणि उत्पन्नाचा स्रोत.

खरी गंमत या रकान्यांच्या मधल्या जागेत असते. व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती व समाजसेवा’ असते आणि चार पाने पुढे तीन कंपन्यांतील भागीदारी. उमेदवाराच्या नावावर एकही वाहन नसते. गावाने त्यांना पायी चालताना कधी पाहिलेले नसते. जमिनीच्या रकान्यात खरेदीची तारीख आणि बाजारभाव शेजारी शेजारी असतात. गावाबाहेरच्या नव्या रस्त्याची आखणी कधी झाली हे ज्याला माहीत आहे, त्याने ती तारीख आवर्जून वाचावी. एकटे शपथपत्र फारसे बोलत नाही. त्याच माणसाचे पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र शेजारी ठेवले की रकाने एकमेकांशी बोलू लागतात. मागच्या वेळी असलेला प्लॉट या वेळी नाही आणि विक्रीचा पैसाही कुठे दिसत नाही. मागच्या वेळी ‘निरंक’ असलेल्या रकान्यात या वेळी पत्नीच्या नावे दोन सदनिका. हे काम करायला कोणत्याही संस्थेची गरज नाही. दोन छापील प्रती आणि एक पेन्सिल पुरते.

गुन्ह्यांचा रकाना मात्र जपून वाचावा लागतो. महाराष्ट्रात मोर्चा काढला, रास्ता रोको केला की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७(१)(३) सह १३५ लागते. त्यावर जुन्या भारतीय दंडविधानाची १४३, १४७ आणि कधी कधी ३५३ चढते. दुष्काळात चारा छावणीसाठी तहसीलदाराच्या दारात बसलेल्या माणसाच्या नावापुढे अशा आठ-दहा नोंदी सहज जमतात. त्याला आणि खंडणीच्या आरोपीला एकाच आकड्यात मोजणे हा अन्याय आहे. एडीआर त्यासाठी ‘गंभीर गुन्हे’ अशी वेगळी मोजणी करते, पण मथळ्यात जातो तो पहिला, मोठा आकडा. माझा या मोहिमेवरचा जुना आक्षेप तोच आहे: आकडा छापायला सोपा असतो, कलम वाचायला वेळ लागतो.

तरीही आकडे सांगितलेच पाहिजेत. एडीआरच्या मोजणीप्रमाणे २००९च्या लोकसभेत फौजदारी खटले असलेले खासदार ३० टक्के होते. २०१४मध्ये ३४, २०१९मध्ये ४३ आणि २०२४मध्ये ४६ टक्के, म्हणजे ५४३पैकी २५१. महाराष्ट्र विधानसभेत २०२४ साली ज्या २८६ विजयी आमदारांची शपथपत्रे तपासली गेली, त्यांतल्या १८७ जणांनी स्वतःवरचे खटले जाहीर केले. गंभीर गुन्हे ११८ जणांवर. कोट्यधीश २७७. माहिती मिळू लागली तेव्हापासून आलेख खाली यायला हवा होता. तो सतत वर जातो आहे.

मग ही मोहीम फसली का? या प्रश्नावर शहरी वर्तुळात एक ठरलेले उत्तर असते, की लोक अडाणी आहेत, पैसे घेऊन मत देतात. ते मला पटत नाही. मिलन वैष्णव या अभ्यासकाने याच शपथपत्रांच्या आधारे ‘व्हेन क्राइम पेज’ हे पुस्तक २०१७मध्ये लिहिले. त्याचे म्हणणे असे की मतदार पुष्कळदा डोळे उघडे ठेवून अशा माणसाला निवडतो. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली जात नाही, दाखला सहा फेऱ्यांशिवाय मिळत नाही, हद्दीचे भांडण दिवाणी कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या चालते. अशा ठिकाणी एका फोनवर काम करून देणारा ‘कामाचा माणूस’ हीच सरकारची शाखा असते. त्याच्यावरचे गुन्हे हे त्याच्या ताकदीचे प्रशस्तिपत्र ठरतात. आपल्या तालुक्यांकडे पाहिले की हे खोटे म्हणता येत नाही. शपथपत्र दाखवून त्या मतदाराला लाजवण्यात अर्थ नाही. आधी त्याचा दाखला वेळेवर मिळायला हवा.

पक्षांचे गणित तर त्याहून सरळ आहे. निवडणूक महाग, म्हणून स्वतःचा पैसा लावू शकणारा उमेदवार हवा. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी पक्षांना फर्मावले की खटले असलेला उमेदवार का निवडला, त्याची कारणे अठ्ठेचाळीस तासांत जाहीर करा, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकटे कारण चालणार नाही. त्यानंतर पक्षांनी भरलेल्या फॉर्मांतली कारणे वाचून हसावे की रडावे कळत नाही. उमेदवार लोकप्रिय आहे, समाजकार्य करतो, खटले राजकीय सूडातून आहेत. एकाच पक्षाचे तेच वाक्य अनेक उमेदवारांपुढे चिकटवलेले. बिहारच्या निवडणुकीत हा आदेश नीट पाळला नाही म्हणून ऑगस्ट २०२१मध्ये न्यायालयाने आठ पक्षांना दंड केला. त्यांत भाजप आणि काँग्रेससह सहा जणांना प्रत्येकी एक लाख, राष्ट्रवादी काँग्रेस आणि मार्क्सवाद्यांना प्रत्येकी पाच लाख. एका सभेच्या मंडपाचे बिल याहून मोठे असते.

आणि शपथपत्रच खोटे असेल तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ प्रमाणे जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दंड. दंडावर भागू शकते. पद जात नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला मजकूर खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार नाही. रकाना कोरा ठेवला तर मात्र तो अर्ज नाकारू शकतो, हेही २०१३मध्ये न्यायालयाकडूनच मिळवावे लागले. म्हणजे खोटे लिहिले तर चालते, रिकामे ठेवले तर नाही. विधी आयोगाने २०१४च्या २४४व्या अहवालात खोट्या शपथपत्राला किमान दोन वर्षे कैद आणि अपात्रता सुचवली होती. कपाटांची आपल्याकडे कमतरता नाही.

नागरिकांच्या याचिकांनी या वीस-बावीस वर्षांत जे मिळवले त्याची यादी मोठी आहे, पण ती इथे पूर्ण देत नाही. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा होताच पद जाणे (१० जुलै २०१३), नोटाचे बटण (२७ सप्टेंबर २०१३), आणि सगळ्यांत दणदणीत म्हणजे निवडणूक रोख्यांचा निकाल. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रोखे घटनाबाह्य ठरवले. स्टेट बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंतची, म्हणजे निवडणूक उरकून जाईपर्यंतची मुदत मागितली. न्यायालयाने ११ मार्चला ती फेटाळली. मग त्याच बँकेने दुसऱ्या दिवशी आयोगाला माहिती दिली. डिजिटल बँकिंगची एवढी जाहिरात दुसऱ्या कशानेही झाली नसती. कंपन्यांच्या पैशांबद्दलची भीती मात्र नवी नाही. टाटा स्टीलला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून कंपनीच्या घटनापत्रात बदल होत होता, तेव्हा १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायदा मोडत नाही म्हणून परवानगी दिली, पण उद्योगांचा पैसा लोकशाहीचा गळा घोटू शकतो असा स्पष्ट इशारा संसदेला दिला होता. रोखे त्यानंतर साठ वर्षांनी आले.

हे सगळे मतदानाच्या दिवसापर्यंतचे झाले. पुढच्या पाच वर्षांचे काय? इथे दिल्लीतल्या निकालांपेक्षा गल्लीतली धडपड मला जास्त महत्त्वाची वाटते.

पुण्यात सजग नागरिक मंच, परिवर्तन अशा संस्थांनी माहिती अधिकारातून नगरसेवकांची हजेरी, त्यांनी विचारलेले लेखी प्रश्न आणि खर्च केलेला निधी काढून प्रगतिपुस्तके छापली. मुंबईत प्रजा फाउंडेशन हेच काम नगरसेवक आणि आमदारांबाबत वर्षानुवर्षे करते. पुण्यातल्या नागरिकांना अंदाजपत्रकातली ‘स’ यादी ठाऊक असते. नगरसेवकांनी आपल्या प्रभागात सुचवलेल्या कामांची ती यादी. त्यातून किती बाकडी, किती कचऱ्याचे डबे, किती कापडी पिशव्या आणि किती ‘संकल्पना : मा. नगरसेवक’ लिहिलेल्या कमानी उभ्या राहिल्या, हे एकदा कागदावर आले की सोसायटीच्या बैठकीत बोलण्याचा सूर बदलतो. नगरसेवकाला लोकसभेतल्या खासदारासारखे लांब पळता येत नाही. त्याला संध्याकाळी त्याच चौकात यावे लागते.

मुंबईने २००७ साली आणखी एक पाऊल टाकले. जुहूच्या रहिवाशांनी आपल्यातून उमेदवार निवडला आणि ॲडॉल्फ डिसूझा पक्षाच्या चिन्हाशिवाय महापालिकेत निवडून गेले. पुढच्या निवडणुकांत इतरत्र हा प्रयोग करून पाहिला गेला, पण तो फारसा पसरला नाही. पक्षाचे यंत्र नसताना मतदारयाद्या, बूथवरची माणसे आणि पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर सद्‌भावनेत नसते.

गावपातळीवर निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा अधिकार अंशतः आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला तरी तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो. उभी बाटली की आडवी बाटली यावर मतदान करून दारूचे दुकान बंद पाडणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांना थेट मत म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. पण त्याच महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला, आणि जानेवारी २०२१मध्ये राज्य निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. बोली लावणाऱ्यांना तो भ्रष्टाचार वाटत नव्हता. पैसा मंदिराला, म्हणजे गावाच्याच कामाला जाणार होता. बिनविरोध निवडीचे कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. राज्य आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये आदेश काढला आहे की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. देशात असा निर्णय घेणारा हा आयोग पहिल्यांपैकी. पण बिनविरोध निवडणुकीत मतदानच होत नाही, मग नोटाचे बटण दाबायचे कुठे?

सगळ्यांत मोठा खंड मात्र न बोलता पडला. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरच्याही त्याच सुमारास. आरक्षण, प्रभागरचना, याचिका, तारखा असे करत पुढची निवडणूक जानेवारी २०२६मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षे राज्यातल्या मोठ्या शहरांचे अंदाजपत्रक प्रशासकांनी मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. उत्तरदायित्व मागायचे तर ते द्यायला कोणी निवडून आलेला तरी लागतो. यासाठी रस्त्यावर येणारे थोडे होते. नगरसेवक नसल्याने बरेच चालले आहे, असे चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत ऐकू येत होते. एका लोकशाही सुधारणेच्या चळवळीची याहून मोठी हार मला आठवत नाही. कारण इथे कोर्टाने, पक्षाने किंवा सरकारने नव्हे, तर नागरिकांनीच हात झटकले.

आता नगरसेवक पुन्हा आले आहेत. २००९ साली राज्याने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात ग्रामसभा तशी शहरात काही मतदान केंद्रांची मिळून क्षेत्रसभा, तिचा अध्यक्ष तिथला नगरसेवक, आणि ठरलेल्या बैठका न घेतल्यास त्याचे पद धोक्यात. कामांची यादी तिथे ठरायची, झालेल्या कामांचा हिशेब तिथे मांडायचा. तरतूद कायद्यात आहे. बहुतेक शहरांत ती कधी अमलात आली नाही आणि बहुतेक मतदारांना ठाऊकही नाही.

तेव्हा हा अंक खाली ठेवण्यापूर्वी वाचकाला एक काम सुचवतो. आपल्या महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला एक अर्ज लिहा: आमच्या प्रभागात क्षेत्रसभेच्या हद्दी निश्चित झाल्या आहेत का, निवडणुकीनंतर किती सभा झाल्या, त्यांची इतिवृत्ते द्यावीत. सोबत आपल्या नगरसेवकाची शेवटची दोन शपथपत्रे छापून घ्या. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर देण्याची मुदत तीस दिवस.